कागदावर एक गुण, रक्तात तीन

केमोच्या डे-केअरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास सिस्टरनी हाक मारली. ५८ वर्षांचे रुग्ण, फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), सिस्प्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधांची दुसरी फेरी घ्यायला आलेले. हाताला सुई लावण्याआधी सिस्टरचं लक्ष पायाकडे गेलं: डाव्या पायाच्या मोज्याचा वण पोटरीत खोल रुतला होता, उजव्या पायावर मात्र जेमतेम दिसत होता.

"काका, हा पाय कधीपासून सुजलाय?"

"चार दिवस झाले असतील. बसून बसून झालं असेल म्हणून बोललो नाही."

पायाची सूज नजरेच्या अंदाजावर सोडू नये, टेपनं मोजावी. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर घेतला. उजवी ३३, डावी ३७. पायाच्या खोल शिरेत गुठळी असण्याची शक्यता वेल्स मोजपट्टीवर गुणांनी मोजतात. तीनहून जास्त सेंटिमीटरचा फरक तिथे एक गुण देतो. चालू कर्करोगाचा एक, बोट दाबल्यावर पडणाऱ्या खड्ड्याचा एक आणि खोल शिरेच्या रेषेवर दुखण्याचा एक, असे मिळून चार झाले. नाडी ११२, ऑक्सिजन ९३. केमो थांबवली.

अशा वेळी डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची तपासणी, मागवण्याचा मोह होतो. पण कर्करोगात तो गुठळीशिवायही वाढलेला असतो आणि वेल्सचे गुण इतके असताना तो कमी आला तरी निर्धास्त होता येत नाही. थेट सोनोग्राफीला पाठवलं. तिथे जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत दर एक-दोन सेंटिमीटरवर प्रोब दाबून पाहतात. निरोगी शीर दाबली की पूर्ण मिटते, शेजारची धमनी गोल राहते. यांची मांडीतली आणि गुडघ्यामागची शीर मिटलीच नाही. क्रिएटिनिन १.१ होतं, म्हणजे मूत्रपिंडं ठीक होती, म्हणून छातीचा सीटी अँजिओग्राम लगेच करता आला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या दोन शाखांमध्ये गुठळ्या होत्या. सीटीची वाट न पाहता एनोक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारं इंजेक्शन सुरू केलं होतं: वजन ६२ किलो, किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे दर बारा तासांनी ६० मिलिग्रॅम. त्याआधी रक्तस्रावाच्या धोक्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या होत्या. डोक्याच्या एमआरआयमध्ये गाठ नव्हती आणि प्लेटलेट ५०,००० च्या बऱ्याच वर होत्या.

उपचार मार्गी लागले. मला अस्वस्थ केलं ते त्यांच्या फाइलमधल्या पहिल्या पानानं. तिथे पहिल्या फेरीच्या दिवशी कोणीतरी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'खोराना स्कोअर १. प्रतिबंधक औषधाची गरज नाही.'

केमो घेणाऱ्या रुग्णाला गुठळी होण्याचा धोका किती, हे सांगणारा खोराना स्कोअर २००८ मध्ये आला. केमो सुरू होण्यापूर्वी पाच गोष्टी पाहायच्या. पहिली गोष्ट म्हणजे कर्करोगाची जागा: जठर किंवा स्वादुपिंड असेल तर २, फुफ्फुस, लिम्फोमा, स्त्रीरोग विभागातले कर्करोग, मूत्राशय किंवा वृषण असेल तर १. त्यानंतर प्लेटलेट साडेतीन लाख किंवा जास्त असतील तर १, हिमोग्लोबिन १० पेक्षा कमी असेल किंवा एरिथ्रोपोएटिनची (लाल पेशी वाढवणारी) इंजेक्शनं चालू असतील तर १, पांढऱ्या पेशी ११,००० च्या वर असतील तर १, बीएमआय ३५ किंवा जास्त असेल तर १. मूळ मांडणीत तीनपासून पुढे धोका जास्त धरला होता. पुढे प्रतिबंधक गोळ्यांच्या चाचण्यांनी दोन ही सीमा घेतली आणि आता गोळीचा विचार तिथूनच सुरू होतो.

या रुग्णाचे कागदावरचे आकडे असे होते: फुफ्फुस म्हणून १, प्लेटलेट २,२४,०००, हिमोग्लोबिन १०.३, पांढऱ्या पेशी ९,४००, बीएमआय २३ च्या आत. बेरीज बरोबर होती, आकडे फसवे होते.

प्रयोगशाळेच्या मूळ अहवालात अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'प्लेटलेटचे गठ्ठे दिसतात, पुन्हा तपासावे.' संगणकातून आमच्या पत्रकावर आकडा उतरला, शेरा तिथेच राहिला. काही लोकांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्यं असतात की जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएनं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनानं) कॅल्शियम ओढून घेतलं की ती प्लेटलेटना चिकटतात आणि प्लेटलेट एकमेकींना. हे शरीरात होत नाही, नळीत होतं आणि नळी जितका वेळ पडून राहील तितकं वाढतं. यंत्र एकेक प्लेटलेट मोजतं, गठ्ठा त्याच्या हिशेबात येत नाही. कधी तर मोठा गठ्ठा पांढरी पेशी म्हणून मोजला जातो आणि तो आकडा उगाच चढतो. म्हणजे एकाच नळीतून स्कोअर एका बाजूनं घटतो आणि दुसऱ्या बाजूनं वाढतो.

त्या दिवशी दोन्ही नळ्यांत रक्त घेतलं. जांभळ्या नळीत १,९८,०००, निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत ३,७०,०००. सायट्रेटच्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्राव असतो, म्हणून आकड्याला १.१ नं गुणायचं: ४,०७,०००. हे गुणायचं राहून गेलं तर काठावरचा रुग्ण हातातून निसटतो. नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तर १.१ लाही अर्थ राहत नाही, कारण प्रमाणच बिघडलेलं असतं.

पण हा आकडा आजचा होता आणि स्कोअर पहिल्या फेरीआधीचा लागतो. सुदैवानं त्या दिवशीची रक्ताची काच प्रयोगशाळेत जपलेली होती. तंत्रज्ञांनी तेलाच्या भिंगाखाली, गठ्ठे नसलेल्या मधल्या पट्ट्यात, दहा क्षेत्रं मोजली. सरासरी २६ आली. तिला १५,००० नं गुणलं की ३,९०,००० होतात आणि काचेच्या कडेला अडकलेले गठ्ठे त्यात धरलेलेच नाहीत. इथे एक गुण वाढला.

आता हिमोग्लोबिन. १०.३ हा आकडा खरा होता, पण त्याच्या तीनच दिवस आधी दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. चढवण्यापूर्वीचा आकडा होता ९.२. स्कोअरच्या व्याख्येत रक्त चढवण्याबद्दल काही म्हटलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधीचाच आकडा धरावा. आजारानं मज्जेवर केलेला परिणाम दोन पिशव्यांनी पुसला जात नाही. शिवाय रुग्णालयात दाखल असलेल्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये रक्त चढवणं आणि गुठळ्या यांचा संबंध आढळलेला आहे. कोणाला हे पटलं नाही तरी प्लेटलेटमुळे बेरीज दोन होतेच. माझ्या हिशेबानं तीन.

चूक उलट्या दिशेनंही होते. पेमेट्रेक्सेड द्यायचं असेल तर आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन सुरू असतं आणि स्टिरॉइडनं पांढऱ्या पेशी चढतात. केमोच्या सकाळी घेतलेल्या रक्तात १२,००० दिसले तर तो गुण ट्यूमरचा की गोळीचा, हे नमुन्याची वेळ पाहिल्याशिवाय कळत नाही. असा फुकटचा गुण मिळालेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी विनाकारण लागू शकते.

त्या गोळीची किंमत लहान नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत दोन किंवा जास्त गुण असलेल्यांना सहा महिने अ‍ॅपिक्साबान ही रक्त पातळ करणारी गोळी २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली. गुठळ्यांचं प्रमाण १०.२ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आलं. मोठ्या रक्तस्रावाचं १.८ वरून ३.५ वर गेलं. साधारण सतरा जणांना गोळी दिली तर एकाची गुठळी टळते. आमच्या रुग्णाची टळली असती का, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण गोळीचा विचार त्यांच्यासमोर मांडायला हवा होता आणि पाय सुजला तर त्याच दिवशी फोन करा, एवढं तरी ठासून सांगायला हवं होतं. 'गरज नाही' या दोन शब्दांनी ते सांगणंही थांबलं.

आणि स्कोअर बिनचूक काढला तरी तो गाळणीसारखा आहे, बरंच खालून निसटतं. २०१९ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात तीन किंवा जास्त गुणांच्या गटात सहा महिन्यांत ११ टक्के लोकांना गुठळी झाली, एक-दोन गुणांच्या मधल्या गटात ६.६ टक्के, शून्य गुणांच्या गटात ५. मात्र ज्यांना गुठळी झाली त्यांतले जेमतेम २३ टक्के आधी जास्त धोक्याच्या गटात होते. उरलेले सगळे 'कमी' आणि 'मध्यम' मधले. फुफ्फुसाच्या कर्करोगात तर हा स्कोअर विशेष दुबळा आहे, कारण जागेचा एक गुण सगळ्यांनाच मिळतो आणि त्यापुढे तो फारसा फरक करत नाही. सिस्प्लॅटिननं रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला होणारी इजा त्यात नाही, गाठीतल्या एएलके किंवा आरओएस१ जनुकातला बदल त्यात नाही, छातीतल्या शिरेत घातलेली नळीही नाही. व्हिएन्नाच्या गटानं २०१८ मध्ये फक्त कर्करोगाची जागा आणि डी-डायमर यांवरून धोका काढण्याची पद्धत मांडली. मला ती आवडते, पण तिथेही खाचखळगे आहेत: काही प्रयोगशाळा डी-डायमर एफईयू या एककात देतात, काही डीडीयू या दुसऱ्या एककात, आणि पहिला आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. एकक न पाहता आकडा भरला की धोका अर्धा किंवा दुप्पट होऊन बसतो.

दुपारी रुग्णाच्या मुलाला सगळं सांगितलं, पत्रकातल्या चुकीसकट. पुढचे किमान सहा महिने आणि आजार किंवा केमो चालू असेल तोवर रक्त पातळ करणारं औषध लागेल. केमो आठवडाभर पुढे जाईल आणि सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन देऊ. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सूज आली त्याच दिवशी फोन करायला हवा होता का आम्ही?" मी म्हटलं, ते तुम्हाला आम्ही सांगायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत त्या आठवड्यातल्या अकरा नव्या रुग्णांची पत्रकं मूळ अहवालांशी ताडून पाहिली. प्रत्येक आकड्यापुढे नमुन्याची तारीख, वेळ आणि नळी लिहिली. रक्त चढवलं असेल तर त्याची तारीख आणि प्रयोगशाळेचा शेरा शब्दशः. दोघांचे गुण बदलले. एकाचा एक कमी झाला, कारण नमुना डेक्सामेथासोननंतरचा होता. दुसऱ्या होत्या एक बाई, स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या. त्यांचे दोनाचे तीन झाले, तिथेही प्लेटलेटचे गठ्ठेच निघाले. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाची पहिली फेरी दुसऱ्या दिवशी होती. प्रतिबंधक मात्रा सुरू करण्याआधी दोन्ही पायांची सोनोग्राफी करून घेतली, कारण प्रतिबंधक गोळीच्याच कॅसिनी नावाच्या चाचणीत काही तक्रार नसलेल्या ४.५ टक्के लोकांच्या पायात सुरुवातीलाच गुठळी सापडली होती आणि असलेल्या गुठळीला प्रतिबंधाची मात्रा पुरत नाही. दोन्ही पायांच्या शिरा जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत नीट मिटल्या. रात्री आठला अ‍ॅपिक्साबानची पहिली गोळी दिली आणि त्यांच्या केमोच्या वहीच्या पहिल्या पानावर फोन नंबर लिहिला: एक पाय सुजला, धाप लागली किंवा शौचाला काळं झालं, तर कुठल्याही वेळी.