झरमॅट, पायी पायी
मॅटरहॉर्न शिखर आज दिवसभर ढगात गडप. मग वर जायचा नाद सोडला आणि स्वित्झर्लंडमधल्या या झरमॅट गावाच्या जुन्या भागात, हिंटरडॉर्फमध्ये भटकलो. गावात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, पण त्या इलेक्ट्रिक टॅक्स्या आवाज न करता मागून येतात, सांभाळून!

इथली लार्च लाकडाची कोठारं सोळाव्या ते अठराव्या शतकातली, उन्हाने काळीकुट्ट पडलेली. प्रत्येक बुटक्या खांबावर चपटी गोल शिळा आणि तिच्यावर अख्खं कोठार. उंदरांना धान्यापर्यंत चढता येऊ नये म्हणून ही युक्ती. वाकून पाहिलं, शिळेची कड खांबाच्या चांगली बाहेर आलेली. उंदीर बिचारा उलटा लटकून करणार काय?

गावातल्या संग्रहालयात मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईतला तुटलेला दोर आहे. १४ जुलै १८६५ ला इंग्रज गिर्यारोहक एडवर्ड व्हिंपरसह सातजण मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा पोचले, उतरताना हा दोर तुटून चौघे कोसळले. आपल्याकडे पोहऱ्यालासुद्धा याहून जाड दोर लावतात हो!

आणि उलरिख इंडरबिनेन! हिंटरडॉर्फमधला एक कारंजा या वाटाड्याच्या नावाने आहे. ३७० हून जास्त वेळा मॅटरहॉर्न चढले, शेवटचं वयाच्या नव्वदाव्या वर्षी. माझे गुडघे संग्रहालयाच्या जिन्यातच बोलायला लागले होते.