काजूगर निवडणारा कॅमेरा

डिचोली तालुक्यातील ज्या काजू कारखान्यात माझ्या मावशीने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तिथे परवा बऱ्याच काळाने जाणे झाले. पूर्वी दारातच पायाने दाबायच्या कटरांची खटखट ऐकू यायची, आणि टरफलातील तेलाने कातडी भाजू नये म्हणून हातांना राख चोळून बायका ओळीने बसलेल्या असायच्या.

आता तिथे रंगानुसार निवड करणारे यंत्र आहे. उतरत्या पन्हळीवरून गर घरंगळतात, कॅमेरा प्रत्येकाचा रंग टिपतो आणि डागाळलेला गर दिसताच हवेचा बारीक झोत त्याला क्षणार्धात बाजूला उडवतो. खरे सांगायचे तर मी भारावून गेलो. ‘डब्ल्यू ३२०’, म्हणजे एका पौंडात साधारण ३२० गर भरतील ती प्रत, मावशी नुसत्या नजरेने ओळखत असे. त्या नजरेला मात्र किलोमागे ठरलेल्या मजुरीपलीकडे कधी किंमत मिळाली नाही.

नव्या मुली या कामाला येत नाहीत, म्हणून यंत्र आणावे लागले, असे मालक म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ज्या होत्या, त्यांच्यापैकी एकीलाही यंत्रावर का बसवले नाही, या माझ्या प्रश्नावर त्यांनी चहा मागवला. पडद्यासमोर आयटीआय झालेला एक मुलगा बसला होता. एखादा गर पोटातून किडका असल्याची शंका आली, की तो पॅकिंगमधल्या एका वयस्क बाईंना हाक मारतो.