सारवण

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज सतरा दिवसांनी कॅनव्हासला हात लावला. इतके दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. श्रावणात तैलरंग वाळायचं नाव घेत नाही. वरून कोरडा दिसतो, पण नख टेकवलं की आतला ओलावा कळतो. रोज सकाळी चहा झाला की खालच्या कोपऱ्याला बोट लावून बघायचं आणि परत ठेवून द्यायचा, एवढंच चाललं होतं.

आज बोटाला काही लागलं नाही.

टर्पेंटाइनमध्ये राखाडी अगदी पातळ कालवली, त्यात चिमूटभर पिवळी माती. रोलर आधी जुन्या वर्तमानपत्रावर फिरवून अर्धा कोरडा केला आणि मग कॅनव्हासवर एकदाच, वरून खाली, न थांबता. कागदाचे फाडलेले दोन तुकडे त्या ओल्या थरावर ठेवले, त्यांच्यावरून रोलर फिरवला आणि कडेला धरून हळूच उचलले. एकाखाली काहीच उमटलं नाही. दुसऱ्याखाली मात्र जूनमधला तांबडा वर आला, जिवणीएवढा. मी जागची हलले नाही. पुढे काही करायचंच नव्हतं.

कागद असा ठेवून उचलायचं हे माझं नाही, चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं. २०१९ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रं एकत्र बघायला मिळाली. एका उभ्या कॅनव्हाससमोर मी इतका वेळ उभी राहिले की पाय भरून आले. लांबून तो एकच रंग वाटतो. जवळ गेलं की खालचे थर एकेक करून वर येतात, पाण्याच्या तळाशी काहीतरी हलावं तसे. छापील चित्रात हे येतच नाही. पंधरा वर्षं मी त्यांना पुस्तकांतून बघत होते आणि मला ते कळले आहेत असं समजत होते, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

माणूस नागपूरला जन्मला, मूळ घराणं गोव्याचं, वाढला गिरगावातल्या चाळीत. १९४८ ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका. सुरुवातीला लघुचित्रांचा अभ्यास, मग युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचा प्रभाव, मग आकृती हळूहळू विरत गेली. झेन विचार, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज हे सगळं त्यांनी चित्रात दाखवायला घेतलं नव्हतं, जगायला घेतलं होतं. आपल्या चित्रांना कुणी अमूर्त म्हटलेलं त्यांना पटायचं नाही. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, फार तर. बाकीचा वेळ बघण्यात जायचा. १९८४ च्या अपघातात मानेला इजा झाली आणि मोठा कॅनव्हास हाताळणं थांबलं, तेव्हा कागदावर शाईने लहान रेखाटनं केली. काही वर्षांनी पुन्हा रंगांकडे वळले. मला त्यांच्या चित्रांच्या किमतींच्या बातम्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण थर म्हणजे काय, हे मला त्यांच्याही आधी आजीने दाखवलं होतं. राजापूरकडच्या आमच्या घरी पाऊस सरला की खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, चोपण्याने चोपून काढायचे आणि मग सारवण. शेणात जुन्या सेलमधली काळी पूड कालवलेली असायची, म्हणजे जमीन काळीभोर दिसते. आजी उकिडवी बसायची, उजवा हात अर्धगोलात फिरवायची, पुढचा अर्धगोल आधीच्याच्या कडेवर थोडा चढवायची आणि एकेक पाऊल मागे सरकत दाराकडे यायची. उंबऱ्याबाहेर आली की हात धुवायची आणि आम्हाला दटावायची, ‘आता कोणी पाय टाकायचा नाय हां.’ मी उंबऱ्यावर बसून ते वाळताना बघायची. आधी कडा फिक्या पडायच्या, मग मध्यभाग, आणि बोटांच्या रेषा उठून दिसायच्या. त्या रेषा काढायचा तिचा इरादा नसायचा, हात फिरला म्हणून त्या उरायच्या.

कॉलेजात असताना हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा प्रभाव म्हणून परदेशी नावं घ्यायची असतात असं मला वाटायचं.

घाईचं फळ मी एकदा भोगलंय. पहिल्या प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती, म्हणून तेलकट जाड थर वाळायच्या आतच त्यावर टर्पेंटाइनचा पातळ थर दिला. वरचा आधी वाळला, खालचा नंतर आकसला, आणि सहा महिन्यांत चित्राला भेगा पडल्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. पातळ आधी, तेलकट नंतर, हा नियम मला पाठ होता. चित्र ज्यांनी घेतलं होतं त्यांच्या घरी जाऊन मी ते परत आणलं. अजून माळ्यावर आहे, फेकवत नाही.

आज तो तांबडा वर आल्यावर माझा हात आपोआप दुसऱ्या कागदाकडे गेला होता. आणखी एक, त्याच्या शेजारी, म्हणजे तोल साधेल. मी तो कागद चुरगळून टाकला. तोल साधायला मी बसले नव्हते.

बाहेर पाऊस वाढलाय. झड आत येऊ नये म्हणून गॅलरीचं दार लावलं, पंखा मंद ठेवला. कॅनव्हास यावेळी भिंतीकडे वळवला नाही. खोलीतून निघताना पाठमोरी नाही निघाले, त्याच्याकडे बघत मागे सरकत दारापर्यंत आले. दिवा मालवला.

आता चार-पाच दिवस तरी आत पाय टाकायचा नाही.