६२ ते ६७

रविवारी फुटबॉलची सेमीफायनल होती आणि आम्ही आमच्याच मैदानावर २-१ हरलो. ६७व्या मिनिटाला आम्ही १-० पुढे होतो. त्याच मिनिटाला आमच्या कीपरला बाहेर काढायला लावलं ते मी. आज गुरुवार आहे, अजून रोज रात्री आडवी झाले की ती मॅच डोक्यात सुरू होते. लोकांना वाटतं ६७ पासून सुरू होत असेल. नाही, ६२ पासून होते.

मी या टीमची फिजिओ नंतर झाले, आधी फॅन. सहा वर्षांची होते तेव्हा बाबा स्कूटरवर पुढे उभं करून मॅचला न्यायचे. आमचं बडोदं क्रिकेटचं गाव आहे, विजय हजारेंपासून किरण मोरे, नयन मोंगिया, मग पठाण बंधू, पंड्या बंधू, कुठल्याही पोळात, म्हणजे गल्लीत, विचारा, कुणाच्या तरी ओळखीत रणजी खेळलेला माणूस निघतोच. फुटबॉलला दीडशे-दोनशे माणसं आली तर आम्ही म्हणतो आज गर्दी आहे. त्या दोनशेत बाबा आणि मी २५ वर्षं आहोत. टीम हरली की आमच्या घरी रविवारी रात्री टीव्ही लागत नाही, आई काही विचारत नाही, गरम वरणभात वाढते आणि आत जाते. त्यामुळे माझी डिग्री झाल्यावर कोचसरांनी विचारलं, ताई रविवारी येणार का, पैसे नाही देता येणार, तेव्हा मला खरंच वाटलं की माझं शिक्षण याच्यासाठीच झालंय.

लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे स्प्रे घेऊन धावत जाणारी बाई. खरं काम मॅचच्या दोन तास आधीच संपतं. मी रविवारी ११ घोटे बांधले. पाय काटकोनात धरायचा, जराही सैल सोडायचा नाही, आधी घोट्याच्या वर एक पट्टी, मग टाचेखालून आतून बाहेर अशा रिकिबीसारख्या दोन-तीन पट्ट्या, मग टाचेला दोन्ही बाजूंनी लॉक, आणि एकही सुरकुती राहता कामा नये कारण त्या सुरकुतीचा ४५ मिनिटांत फोड होतो. चांगली टेप महाग पडते म्हणून ज्यांचा घोटा खरंच ढिला आहे त्यांनाच पूर्ण बांधते, बाकीच्यांना क्रेप. मुलं कुरकुरतात, पण माझ्या हातचा घोटा या सीझनमध्ये एकदाही मुरगळलेला नाही आणि हे मी अभिमानाने सांगते. आमचं घर दांडिया बाजारात. तिथल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रो. माणिकराव नुसत्या हाताने हाडं बसवायचे, हे आजोबांकडून ऐकत मोठी झाले. सांधा, स्नायू, हाड, बोट ठेवलं की मला कळतं. डोक्याचा मार मात्र हाताला कळत नाही, त्याला प्रश्नच विचारावे लागतात.

रविवारी अजून एक काम होतं, मांजा वेचायचं. उतरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, नुकतीच झालेली, दोन्ही गोलसमोर, नेटमध्ये, गवताच्या खुंटांत सगळीकडे मांजाचे गुंते. काचेचा मांजा कीपरच्या हाताला किंवा मानेला लागला तर काय होतं ते सांगायला नको. कीपर आणि मी दोघं वाकून वाकून वेचत होतो. १९ वर्षांचा आहे, शहरातल्या वाडी भागात राहतो, मला ताई म्हणतो. तेव्हाच तो म्हणाला, "ताई, आज बेंचवर कीपर नाहीये, माहितीय ना?" माहीत होतं. उतरायण झाली की लग्नं सुरू होतात, आणि आमचा दुसरा कीपर मामेबहिणीच्या लग्नाला नडियादला गेला होता. सेमीफायनलला एकच कीपर घेऊन उतरायचं हे कमिटीला चालतं. बॅनर छापायला पैसे असतात, अठरा-एकोणीस वर्षांचा तिसरा कीपर तयार करायला नसतात.

तर ६२वं मिनिट. उजवीकडून क्रॉस आला, आमचा कीपर पुढे आला, वर उडाला आणि बॉल पकडला. त्याच वेळी समोरच्या स्ट्रायकरचा गुडघा त्याच्या कानशिलात बसला आणि तो पाठीवर पडला, डोकं जमिनीवर आपटलं. जानेवारीत आमचं मैदान सिमेंटसारखं कडक असतं, तो आवाज मला टचलाइनवर ऐकू आला. पण बॉल सोडला नाही त्याने. छातीशी धरलेला. लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या, बाबा उभे राहिलेले मला दिसले.

मी पोचले तेव्हा डोळे उघडे होते. मान बघितली, हातापायांना मुंग्या येतात का विचारलं, बोटं दाबून घेतली, सगळं ठीक. मग प्रश्न. हे प्रश्न जगभर ठरलेले आहेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत, हाफ कुठला, शेवटचा गोल कुणी केला, मागची मॅच कुणाशी झाली, ती जिंकलो का. तारीख-वार विचारत नाहीत, कारण मार लागलेल्यालाही ते बरेचदा बरोबर सांगता येतं, जातं ते हे नुकतंच घडलेलं. आणि बेशुद्ध पडायलाच हवं असंही नसतं, बहुतेक जण पडत नाहीत.

मैदान सांगितलं. हाफ सांगितला. गोल कुणी केला सांगितलं. मागची मॅच कुणाशी? तो माझ्याकडे बघत राहिला. मग एक नाव घेतलं, ती टीम तीन आठवड्यांपूर्वीची. आणि मी म्हणाले, "अरे गेल्या रविवारी, आणंदची टीम नव्हती का आली?" तो म्हणाला, "हां हां, आणंद. जिंकलो."

बस, एवढंच झालं. मी उत्तर दिलं आणि त्याने मान हलवली आणि मी ते बरोबर धरलं.

रेफ्री डोक्यावर उभा, "बेन, केटली वार?" म्हणजे ताई, अजून किती वेळ. समोरचे दोघं टाळ्या वाजवून घाई करतायत, आमचा कॅप्टन म्हणतोय उठ रे. कीपरला उपचारानंतर मैदानाबाहेर जावं लागत नाही, नियमातच तशी सूट आहे, म्हणजे तपासणी तिथेच, गोलच्या तोंडाशी, सगळ्यांसमोर, मिनिटा-दीड मिनिटात. मोठ्या पातळीवरच्या रग्बीमध्ये डोक्याला लागलं की खेळाडूला तात्पुरतं बाहेर नेऊन शांत खोलीत तपासतात, तोवर दुसरा खेळतो, ठीक असेल तर परत येतो. फुटबॉलमध्ये तात्पुरती बदली नाहीच. २०२४ पासून नियमांत कन्कशनसाठी, म्हणजे मार बसून मेंदू हादरतो त्यासाठी, जादाची बदली आली आहे, पण स्पर्धेने ती स्वीकारली तर, आणि तीही कायमचीच, बाहेर गेला तो गेला. आमच्या स्पर्धेने तीही घेतलेली नाही. हे सगळं मला राग येतो म्हणून लिहितेय, माझी बाजू मांडायला नाही. घाई होती हे खरंय, पण उत्तर घाईने नाही दिलं, मी दिलं. आम्ही पुढे होतो, बेंचवर कीपर नव्हता आणि मला त्याने पास व्हायला हवं होतं.

मॅच सुरू झाली. मी माझ्या जागेवर गेले नाही, गोलच्या मागे जाऊन उभी राहिले. तो डाव्या ग्लोव्हचा वेल्क्रो उघडत होता, लावत होता, परत उघडत होता. चर्र, चर्र. आम्ही अटॅक करत होतो, बॉल पार तिकडे होता, त्याचं तिकडे लक्षच नव्हतं, मनगटाकडे बघत होता. मग बॅकपास आला. साधा, हळू. त्याने थांबवला आणि कुठे मारायचा हेच कळेना, समोरचा स्ट्रायकर दहा फुटांवर आला तेव्हा आमचा सेंटर बॅक ओरडला आणि याने कसाबसा बाहेर मारला.

मी आत शिरले. विचारलं, डिसेंबरपासून उलटे महिने म्हण. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... नोव्हेंबर... ताई मी ठीक आहे." आणि रडायला लागला. असं रडू येणं हेही लक्षणच असतं, पण टचलाइनवरून लोकांना ते हरण्याच्या भीतीने रडतोय असं दिसतं.

कोचसर आत आले. माणूस वाईट नाही, मुलांचे बूट स्वतःच्या खिशातून घेतो. म्हणाले, "ताई, वीस-बावीस मिनिटं राहिलीयेत, तो खेळतो म्हणतोय ना." सीझनच्या सुरुवातीला मी या मुलांना यावर एक तास शिकवलं होतं. २०१८ ची चॅम्पियन्स लीग फायनल दाखवली होती, रियाल माद्रिदच्या रामोसचं कोपर लागल्यावर थोड्याच वेळात लिव्हरपूलचा कीपर करिअसने रियालच्याच बेंझेमाच्या पायावर बॉल फेकला तो गोल, नंतर बेलचा लांबचा शॉट हातातून सुटला तो गोल, जग त्याला हसलं आणि पुढे बॉस्टनच्या डॉक्टरांनी सांगितलं की त्याला कन्कशन झालं होतं. २०१४ च्या वर्ल्डकप फायनलचंही सांगितलं होतं, जर्मनीच्या क्रामरने डोक्याला लागल्यावर रेफ्रीलाच विचारलं, ही फायनल आहे का. मुलं हसली होती. आमचा कीपर नव्हता हसला. कोचसर तेव्हा मागच्या बाकावर बसून वहीत लिहून घेत होते. तर मी एवढंच म्हणाले, सर तुम्ही लिहून घेतलंय. आणि याच्या हातातले ग्लोव्ह मी स्वतः ओढून काढले, म्हणजे परत उभा राहायचा प्रश्न नको. कारण त्या अवस्थेत दुसरा मार बसला तर मेंदूला सूज येऊन काही मिनिटांत सगळं हाताबाहेर जाऊ शकतं, क्वचित होतं, पण होतं ते जास्त करून याच्याच वयाच्या मुलांना.

ग्लोव्ह लेफ्ट बॅकला दिले, तो उंच म्हणून. बोटांत त्याला सैल होत होते. ७८व्या मिनिटाला एक शॉट आला, तीस यार्डांवरून, आमच्या कीपरने एका हातात घेतला असता, लेफ्ट बॅकच्या हाताला लागून आत. रेफ्रीने सहा मिनिटं जादा दिली, त्यातली निम्म्याहून जास्त माझ्या दोन तपासण्यांची. दुसरा गोल त्यातल्या चौथ्या मिनिटाला, कॉर्नरवर. मी तेव्हा कीपरला बाकावर बसवून डोक्याला टॉवेल धरून होते, गोल बघितला नाही, आवाजावरून कळलं. तो विचारत होता, "ताई, कोणी केला?" मी सांगितलं. दोन मिनिटांनी परत विचारलं.

रिक्षात त्याला उलटी झाली. हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. आणि त्या नॉर्मल रिपोर्टने माझा जेवढा घात केला तेवढा दोन गोलांनी नाही केला. सोमवारी सकाळपर्यंत सगळ्यांकडे पोचलं होतं, काही निघालं नाही, उगाच काढला. सीटी बघतात ते रक्तस्राव आणि फ्रॅक्चर नाही ना यासाठी, कन्कशन त्यात दिसत नाही, हे मी चार जणांना चार वेळा समजावलं. मग सोडलं. सेव-उसळीच्या गाडीवर एक काका, ज्यांच्या शेजारी मी लहानपणापासून ओरडत आलेय, मला ऐकू जाईल असं म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी मॅच घालवली. लागलं ते. पण काकांवर राग नाही, त्यांना हरलेलं सहन होत नाही, मलाही होत नाही.

राग असलाच तर दुसराच आहे. रविवारी स्कूटरवरून घरी येताना बाबा सूरसागर तळ्यापर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "तुला पहिल्या वेळीच कळलं होतं का?" मी नाही म्हणाले. बाबांना मी आजपर्यंत फुटबॉलबद्दल खोटं बोलले नव्हते.

मंगळवारी स्पर्धेला इंजुरी रिपोर्ट द्यायचा होता. मार लागल्याची वेळ ६२, बाहेर काढल्याची ६७. पहिल्या तपासणीच्या रकान्यात लिहिलं: चौथ्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, बरोबर उत्तर मीच सुचवलं, खेळू द्यायला नको होतं. सही करण्याआधी कोचसरांनी वाचलं, म्हणाले ताई हे लिहायची काय गरज आहे, कोण वाचतंय. मी म्हणाले राहू द्या. रात्री तोच कागद बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला.

काल संध्याकाळी कीपरकडे गेले. उजेडाचा अजून त्रास होतो, मोबाइल बंद ठेवलाय, डोकं दुखतं. मी बसायच्या आत त्याने उलटे महिने धाडधाड म्हणून दाखवले, डिसेंबर ते जानेवारी, पाठ करून ठेवले होते. मग मी आकडे सांगितले, उलटे म्हण म्हणून. तीन जमले, चार नाही जमले. म्हटलं शनिवारी परत बघू, सायकल त्याच्यानंतर, मैदान त्याच्याही नंतर.

निघताना विचारलं, "मागची मॅच कुणाशी झाली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आत त्याच्या आईच्या कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. नाव माझ्या जिभेवर होतं. मी तोंड मिटून बसले.

तिसऱ्या शिट्टीनंतर त्याने सांगितलं, बरोबर. मग म्हणाला, "हरलो ना ताई?"