आईचं बोट आणि भाडेकरार

कोथरूडचा वन बीएचके आईच्या आणि माझ्या नावावर आहे. पहिल्यांदा भाड्याने दिला तेव्हा एजंट म्हणाला, "अकरा महिन्यांचाच तर आहे साहेब, नोटरी करून टाकू. रजिस्टरची भानगड कशाला?" अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत पुण्यात इतकी मुरलीय की मीही मान डोलावली.

मुदत संपली. भाडेकरू म्हणाले, मुलाची शाळा सुरू झालीय आणि आपलं तोंडी दोन वर्षांचं ठरलं होतं. असं काहीच ठरलं नव्हतं. वकिलाकडे गेलो, तर त्यांनी कागद हातात घेऊन आधी शिक्का बघितला आणि हसले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 55. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही केलं तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य. ते खोटं आहे हे आपण सिद्ध करायचं. शेवटी रंगकामाचे पैसे सोडून दिले, हातापाया पडलो, आणि चार महिन्यांनी घर मिळालं. कोर्टात गेलो असतो तर मीच आधी कलम मोडलेला निघालो असतो.

दुसऱ्या वेळी करार ऑनलाइन नोंदवायचं ठरवलं. एजंटने "सगळं मिळून" एक आकडा सांगितला. मी फोड मागितली, तेव्हा जरा गडबडला. हिशेब अवघड नाही. भाडं 18,000, अनामत 60,000, मुदत 24 महिने. भाड्याचे झाले 4,32,000. परत द्यायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, म्हणजे दोन वर्षांचे 12,000. एकूण 4,44,000, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क: 1,110. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000, ग्रामीण भागात 500. त्यावर किरकोळ खर्च आणि बोटांचे ठसे घ्यायचं मशीन घेऊन घरी येणाऱ्याची मजुरी. बाकीचं एजंटचं. ते घेऊ नये असं नाही, पण कशाचे घेतोय ते कळायला हवं.

मशीनवाला रविवारी सकाळी आला. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा ठेवायची काचेची डबी. भाडेकरू जोडप्याचं दोन मिनिटांत झालं, माझंही. आईचा अंगठा मात्र आधारशी जुळेना. पुसून बघितला, कोमट पाण्यात धरला, फुंकर मारून झाली. "पस्तीस वर्षं कॅशियर होते, नोटा मोजून गेले ठसे," आई त्या मुलाला सांगत होती, जणू चूक त्याचीच. सहाव्या की सातव्या वेळी त्याने विचारलं, "काकू, दुसरं बोट बघू का?" एकेक बोट करत उजव्या हाताच्या अनामिकेवर हिरवी खूण आली. भाडेकरूंनी टाळ्याच वाजवल्या. घरात सत्तरीपुढचं कुणी सहमालक असेल तर हे आधी आधार केंद्रावर तपासून घ्या. आमची सकाळ त्यात गेली. नोंदवलेला करार आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश-उतारा, मात्र पुढे ईमेलवरच आले, सब-रजिस्ट्रारच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

मग सोसायटी. सेक्रेटरींनी ना-हरकतीसाठी 2,000 मागितले आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून दरमहा 1,000 बिनभोगवटा शुल्क लावलं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवून कराराची प्रत द्यायची आहे, परवानगी मागायची नाही. शुल्काचं तर 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेशच आहे: सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. आमचं सेवाशुल्क 1,900, म्हणजे 190. आदेशाची प्रत लावून पत्र दिलं, पोच घेतली. सेक्रेटरी महिनाभर लिफ्टमध्ये बोलले नाहीत, पण बिल दुरुस्त झालं.

पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहिती भरून पावती फाइलला लावली. मालमत्ता कराची स्वतः राहण्याची 40 टक्के सवलत आता आपल्याला लागू नाही, हे मात्र मी विसरलो होतो. भाडं ठरवताना तो फरक धरायला हवा होता. या वेळी मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर त्याच भाडे कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि तोवरच्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

पुढचं नूतनीकरण ऑगस्टमध्ये आहे. आईने आत्ताच बजावून ठेवलंय, "त्या पोराला सांग, अंगठ्याचा नाद सोड, सरळ तिसरं बोट घे."