वेटिंग पेजरचा संच, नोंद चौथी: गप्प बसलेला पेजर काय सांगतो?

मागच्या नोंदीपर्यंत आठही चकत्या, म्हणजे माझे चकतीच्या आकाराचे पेजर, एकदाच्या वाजल्या होत्या. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: रेस्टॉरंटमध्ये टेबल मिळेपर्यंत ग्राहकाच्या हातात देतात तसे पेजर घरी बनवतोय. बेसवर, म्हणजे काउंटरवरच्या मुख्य यंत्रावर, आकडा दाबला की तो तो पेजर थरथरतो आणि दिवे लुकलुकतात.

हाक पोहोचवणं हेच अवघड काम, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण थांबलेला माणूस जवळजवळ सगळा वेळ गप्प पेजरकडेच बघत असतो. तो गप्प का आहे? नंबर लागला नाही म्हणून, बॅटरी संपली म्हणून, की आपण रेंजबाहेर आलो म्हणून? तिन्ही वेळा पेजर सारखाच दिसत असेल तर माणूस दर पाच मिनिटांनी काउंटरवर येऊन विचारणारच. मग त्याच्या हातात पेजर देऊन मिळवलं काय? या महिन्याचं सगळं काम या एकाच प्रश्नाभोवती झालं.

त्यातले दोन दिवस ५ नंबरच्या पेजरने खाल्ले. हाक गेली की हा एकदाच ‘घुर्र’ करायचा आणि शांत. पुन्हा हाक, पुन्हा एक घुर्र. संशय रेडिओवर होता, म्हणून मॉड्यूल बदललं, अँटेना नव्याने झाळला. काही फरक नाही. शेवटी ऑसिलोस्कोपचं (व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचं) टोक बॅटरीच्या तारेवर टेकवलं तेव्हा उलगडा झाला. थरथर करणारी मोटर सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेजला खोल खड्डा पडत होता. ही नाण्याएवढी मोटर एकदा फिरायला लागली की फार मागत नाही, पण जागची हलताना तिला त्याहून बराच जास्त प्रवाह लागतो, आणि या पेजरमध्ये मी जुनी बॅटरी बसवली होती. पुरवठा २.७ व्होल्टच्या खाली गेला की एटमेगा ३२८पी या पेजर चालवणाऱ्या चिपमधलं ब्राउन-आउट (व्होल्टेज फार उतरल्याचं ओळखणारं) संरक्षण चिप रीसेट करतं (माझी सेटिंग तशी आहे). रीसेट झालेला पेजर पहिल्यापासून सुरू होतो आणि निवांत वाट बघत बसतो. म्हणजे हाक आली, त्याने ती ऐकली, आणि तो ती विसरला. यापेक्षा वाईट बिघाड मला सुचत नाही, कारण बाहेरून सगळं ठीकठाक दिसतं.

बॅटरी तर बदललीच, पण सगळ्याच बॅटऱ्या कधीतरी जुन्या होणार. म्हणून मोटरच्या पुरवठ्याला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग) लावला आणि मोटर एकदम पूर्ण जोरात न सोडता पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाझप चालू-बंद करून, हळूहळू चढवली. याहून महत्त्वाचं म्हणजे, हाक आली की मोटरला हात लावण्याआधी ती ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून ठेवतो. रीसेट झालाच तर पेजर उठल्याउठल्या तिथे बघतो आणि राहिलेली हाक पुन्हा सुरू करतो. ईईप्रॉम १ लाख वेळा लिहिता येतं. दिवसाला २५ हाका, प्रत्येकीला लिहिणं एकदा आणि पुसणं एकदा धरलं, तरी २,००० दिवस निघतात.

आता ऐकण्याचा खर्च. सीसी११०१ ही पेजरमधली रेडिओ चिप; ती ऐकत असताना साधारण १६ मिलिअँपिअर खाते. माझी बॅटरी ३०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे रेडिओ सतत चालू ठेवला तर १९ तासांत ती संपली. इथे जुन्या पेजरवाल्यांनी केलेला विचार कामी आला. ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात बसवलेली पॉकसॅग ही पेजरना संदेश पाठवण्याची पद्धत बाजारातले बरेच रेस्टॉरंट पेजर आजही वापरतात. तिच्यात प्रत्येक प्रक्षेपणाच्या आधी एक-शून्य-एक-शून्य असे किमान ५७६ बिट जातात. हा आकडा कुठून आला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. संदेश बॅचमध्ये, म्हणजे ठरावीक गठ्ठ्यांत, जातात. एका बॅचमध्ये एक सिंक शब्द (ताल जुळवून घेण्यासाठी) आणि सोळा शब्द, प्रत्येक ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ५४४ बिट. त्यात आणखी एक शब्द मिळवला की ५७६. म्हणजे पेजरने बॅचभर झोपून मध्येच क्षणभर कान दिला तरी सुरुवातीची ही खूण त्याच्या हातून निसटत नाही. शिवाय ते सोळा शब्द दोन-दोनच्या आठ चौकटींत असतात; त्यातली आपली चौकट कोणती हे पेजरच्या पत्त्याच्या शेवटच्या तीन बिटांवरून ठरतं, त्यामुळे बाकीच्या सात चौकटी तो खुशाल झोपू शकतो.

मी पॉकसॅग जशीच्या तशी घेतली नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या पेजरशी जुळवून घ्यायचं नाही. तत्त्व मात्र तेच. माझी सुरुवातीची खूण २ सेकंद लांब आहे आणि पेजर दर १.८ सेकंदाला ३ मिलिसेकंद कान देतो. हवेत काही ऐकू आलं तरच जागा राहतो. ऐकण्याचा सरासरी खर्च ०.०३ मिलिअँपिअरच्या आत आला. टेबलाची वाट बघणाऱ्याला दोन सेकंद उशीर जाणवतही नाही, हे या कामातलं मोठं सुख आहे.

एवढं झाल्यावर मूळ प्रश्नाकडे वळलो. बेस दर ३० सेकंदांनी हजेरीचा संदेश पाठवतो आणि ओळीने तीन हजेऱ्या ऐकू आल्या नाहीत तर पेजर समजतो की आपण रेंजबाहेर आहोत. कल्पना साधी, पण पहिल्याच हिशेबात बॅटरी कोसळली. हजेरीच्या आधीही ती २ सेकंदांची खूण जात होती. पेजर तिच्यात कुठेतरी जागा व्हायचा आणि संदेश येईपर्यंत सरासरी एक सेकंद ताटकळायचा. ३० सेकंदांत एक सेकंद म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. खऱ्या हाकेसाठी ऐकण्यापेक्षा हजेरीलाच कितीतरी पट खर्च!

खरं तर हजेरी केव्हा येणार हे पेजरला आधीच माहीत असतं, तर लांब खूण हवीच कशाला? अडचण घड्याळाची होती. चिपमधलं आरसी (क्रिस्टल नसलेलं, ढोबळ) घड्याळ एक टक्का जरी चुकलं तरी ३० सेकंदांत ३०० मिलिसेकंदांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक पेजरमध्ये ३२,७६८ हर्ट्झचा, मनगटी घड्याळात असतो तसला क्रिस्टल बसवला. तो २० पीपीएमने (दहा लाखांत २० भागांनी) चुकला तर ३० सेकंदांत फरक ०.६ मिलिसेकंद. आता पेजर हजेरीच्या थोडंसं आधी उठतो, ऐकतो आणि झोपतो. आठ छोटे क्रिस्टल हाताने झाळण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, पण या संचातला सर्वांत समाधान देणारा बदल हाच.

अँटेनाचं अजून पूर्ण जमलेलं नाही. ४३३.९२ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १७.३ सेंटिमीटर भरते. चकतीत ती सरळ मावत नाही, म्हणून तार कडेने फिरवली आहे, बॅटरीपासून जमेल तितकी दूर. लाकडी टेबलावर छान चालतं. स्टीलच्या टेबलावर पेजर ठेवला की रेंज एकदम घटते. तार वरच्या झाकणाकडे नेली आणि खाली सिलिकॉनचे पाय लावले. फरक पडला, प्रश्न सुटला नाही. पायांचा दुसरा फायदा मात्र झाला: थरथरताना पेजर सरकत सरकत टेबलाच्या कडेला जायचा, तो आता जागेवर राहतो. रेंज कमी पडण्याचं एवढं वाईट वाटत नाही, कारण आता पेजर ते सांगतो.

ते सांगण्याची पद्धत ठरवताना रंगावर भिस्त ठेवली नाही. लाल आणि हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसत नाही, त्यामुळे अर्थ लयीत ठेवला. सगळं ठीक असेल तर दर दहा सेकंदांनी एक बारीक ठिपका. रेंजबाहेर असेल तर दोन मंद उघडझापी, थरथर नाही. हाक आली तरच मोटर, तीही तुकड्यातुकड्यांत, कारण सलग थरथर हाताला थोड्याच वेळात जाणवेनाशी होते. बॅटरी उतरत आली की पेजर ते ग्राहकाला सांगत नाही, बेसला कळवतो. तो प्रश्न ग्राहकाचा नाहीच.

पेजरवरचा आकडा तळाला हलवला, हेही सांगून ठेवतो. वर ठळक ७ दिसला की माणूस त्याला रांगेतला क्रमांक समजतो आणि ८ नंबरवाला आधी उठला की वाईट वाटून घेतो.

सध्या चार्जिंगवर काम चालू आहे. चकत्या एकावर एक रचल्या की सगळ्या एकदम चार्ज व्हाव्यात, म्हणून प्रत्येकीच्या वर-खाली मध्ये एक ठिपका आणि भोवती एक कडं असे संपर्क केलेत. चकती कशीही फिरवून ठेवली तरी ते जुळतात. ५ व्होल्ट दिले तर प्रत्येक सांध्यावर थोडे थोडे हरवतात आणि खालच्या सांध्यातून आठही पेजरांचा प्रवाह जातो. म्हणून १२ व्होल्ट देऊन प्रत्येकीत स्वतंत्र रेग्युलेटर (व्होल्टेज हवं तेवढंच ठेवणारा भाग) बसवतोय. तिघींचे बसवून झाले. उरलेल्या पाच झाल्या की चळत रचून सर्वांत वरच्या चकतीवरचं व्होल्टेज मोजतो आणि आकडे इथेच टाकतो.