चारशेंचीच खाडी

फ्रान्समधल्या मार्सेय शहराच्या दक्षिणेला चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांमध्ये समुद्र आत शिरून चिंचोळ्या खाड्या झाल्या आहेत. त्यांपैकी स्युजितोंच्या खाडीवर भर उन्हाळ्यात जायचे असेल, तर आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. नोंदणी मोफत आहे. मात्र दिवसाला फक्त ४०० जणांनाच परवानगी मिळते आणि क्यूआर कोड नसलेल्याला दंड होतो.

साताऱ्याहून आलेल्या मामा-मामींना घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा या नियमाचे कारण पायांखालीच दिसले. उतारावरची माती पर्यटकांच्या पायांनी इतकी झिजली आहे, की पाइनची मुळे उघडी पडली आहेत. मामी त्यांवर पायरीसारखा पाय ठेवायला निघाल्या आणि मुळे पाहताच थबकल्या. २०२२मध्ये हा नियम येण्यापूर्वी गर्दीच्या दिवशी इथे सुमारे २,५०० माणसे उतरत असत. माती धरून ठेवणारी झाडेच गेली, तर उतारही टिकणार नाही, हे ओळखून, या खाड्या ज्याच्या हद्दीत येतात त्या राष्ट्रीय उद्यानाने ही मर्यादा घातली. त्याआधी तर उद्यानाने स्वतःच्या संकेतस्थळावर पाणी थंड असते, परतताना चढ दमवतो, किनारा गर्दीने भरलेला असतो, असे सांगून लोकांना येण्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला होता. पर्यटनावर जगणाऱ्या प्रदेशातल्या संस्थेने असे करायला धैर्य लागते आणि त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

संध्याकाळी आमचे शेजारी मात्र म्हणाले, की भारतात असा नियम कोणी पाळणार नाही. मी मामांना ते मराठीत सांगितले. मामांनी शांतपणे उत्तर दिले, की कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात आम्हीही बुकिंग करूनच जातो आणि तिथेही दिवसाची संख्या ठरलेली आहे. ते फ्रेंचमध्ये सांगताना माझा आवाज जरा चढला, हे खरे. पण ते सांगायलाच हवे होते.

तरीही तारकर्लीला उद्या असाच आकडा लावा, असे मी म्हणणार नाही. मार्सेयला बंदर आहे, उद्योग आहेत, मोठे विद्यापीठ आहे; एक खाडी मोकळी ठेवल्याने शहराची चूल बंद पडत नाही. मालवणात दोन खोल्या भाड्याने देऊन मुलांची फी भरणाऱ्या घराला ४०० हा आकडा सांगण्यापूर्वी, पर्यटक कमी झाल्याने घटलेले उत्पन्न कुठून येणार, याचे उत्तर सरकारने आधी द्यायला हवे.